मुठीतली चिठ्ठी

तुमसर
२ डिसेंबर २०२२

बाबू इश्वर,

प्रतिक्षाचा मेसेज आला. टाइप तुझ्या पोरीनं केला असन, पण बोल तुझेच आहेत हे मले पहिल्या ओळीतच समजलं. पंधरा वर्षांनी भावाले बहिणीची आठवण आली, ते बी चिठ्ठ्या लिहून मागायले! बरं झालं बापा, आली तरी.

तू म्हणतो का नवीन वर्षाच्या उपासनेत पोरगी चिठ्ठी काढणार. नागपूरले नर्सिंगले तिचा नंबर लागला आहे. तं तिकडं जायचं, का तुझ्यासंगं मेळघाटातच राहून बाया-लेकरांत सेवा करायची, हे चिठ्ठीत जे वचन निघंल त्याच्यावर ठरवायचं. अन् त्या चिठ्ठ्यांवरची वचनं ताईच्याच हातानं लिहिलेली पाहिजेत, काहून का तुझ्या आयुष्याचं वचन ताईच्याच थैलीतून निघालं होतं.

हे काम माझ्याच्यानं होणार नाही. डोळ्यात मोतीबिंदू उतरून राहिला. सुईत दोरा ओवायले तीनदा चष्मा पुसा लागते. तुमच्या मंडळीत कोणी बी लिहीन, अक्षर काही देवाले मार्क देण्यासाठी नाही लागत. अन् मले विचारशील तं पोरीले सरळ जाऊ दे न नागपूरले. तब्येत धड आहे, डोकं आहे, नंबर लागला आहे. चिठ्ठी कायले पाहिजे अजून?

इकडं सारं ठीक. मंडळीत आता चाळीसक माणसं येतात. शिवणाचा क्लास बंद केला, घरीच पिको-फॉल करते. दीपमालाले सांग, नाताळाच्या करंज्या करशील तं खोबरं कमी घाल, इश्वरले लहानपणापासून खोकला होते.

वर प्रभूच्या नावानं सलाम लिहायचा राहिला. घाईत होती.

तुझी ताई,
आनंदा


तुमसर
१५ डिसेंबर २०२२

बाबू,

तुझं उत्तर वाचलं. "साऱ्या नको, एकच चिठ्ठी लिही ताई. तुझ्या हाताले देवानं एकदा वापरलं आहे." हे वाचून मी मोबाइल पालथा ठेवला अन् दोन दिवस त्याले हात लावला नाही.

तुले फोन करता आला असता. पण तुझा आवाज ऐकला का मले खोटं सुचते, म्हणून कागद घेतला. मागच्या पत्रात सलाम घाईत राहिला नव्हता. माझी हिंमतच झाली नाही. आज बी तो खाली लिहीन, सारं सांगून झाल्यावर, सांगणं झालं तं.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. २००१, एक जानेवारी, सकाळची उपासना. मी दरवर्षी शास्त्रातून वचनं उतरवून काढत होती, माणसागणिक एक चिठ्ठी, घडी करून माझ्याच हातच्या कापडी थैलीत. त्या साली एकसष्ट माणसं होती. थैली घेऊन मी रांगेनं फिरली. जो तो चिठ्ठी काढे, मोठ्यानं वाचे, अन् सारे आमेन म्हणत. तू ढोलकीवर बसला होतास, म्हणून तुझा नंबर सदा शेवटचा. शेवटच्या माणसासाठी थैलीत एकच चिठ्ठी उरते, हे तुले बी माहीत होतं अन् मले बी.

मी साठच टाकल्या होत्या. एकसष्टावी माझ्या मुठीत होती.

तुझ्यापाशी आली तेव्हा मी थैलीत हात घालून तळ चाचपल्यासारखं केलं अन् मूठ सोडली. तू ती काढली. तुले तोंडपाठच असन: आपला मुलूख अन् आपली माणसं सोडून, मी दाखवीन त्या ठिकाणी जा, या अर्थाचं वचन. तू ती मोठ्यानं वाचली. धनीराम पाळकांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, देवानं पोराले नावानं हाक मारली. त्याच्या पंधरा दिवस आधीच ते बाहेरचे सेवेकरी येऊन मेळघाटासाठी तरुण पोरं मागून गेले होते, अन् तू त्यायले "विचार करून सांगतो" म्हटलं होतं. मंग तू काही विचार केला नाहीस. फेब्रुवारीत गेलास.

देवानं हाक मारली नव्हती बाबू. मी मारली होती.

काहून, ते बी सांगते. माझ्या शिवणाच्या क्लासमधली शुभांगी, तिच्याशी लग्नाचं तिच्या बापाशी बोलायले तू आंबागडले जाणार होतास. ते शेतकरी हिंदू घर, गावात जुनी पत. पोरगी बाटवली म्हणून कोणी बोंब मारली असती तं आपल्या इनमीन साठ माणसांच्या मंडळीनं जायचं कुठं? त्या भेवानं मी ते केलं.

आता तू विचारशील, बावीस वर्षं थोबाड बंद ठेवलं अन् आजच काहून उघडलं? मंडळीतल्या सुमनबाईमुळं. मी दर गुरुवारी तिले वाचून दाखवायले जाते, तिचे दोन्ही डोळे गेले आहेत. मागच्या गुरुवारी पुढचा अध्याय निघाला तो अशा लोकांबद्दल, जे आपल्याच मनातलं काढून सांगतात अन् म्हणतात देव बोलला, अन् देव म्हणते मी तं या लोकायले धाडलंच नव्हतं. मी ते भरभर वाचून टाकून राहिली होती. बुढी म्हणाली, "थांब व. पुन्हा वाच. हे कोनाले म्हणून राहिला तो?"

मी म्हटलं, जुन्या काळच्या लोकायले.

"नाई व बाई. मले तं वाटते याच खोलीत कोनाले तरी म्हणून राहिला."

तिले काहीच माहीत नव्हतं. पोपटी लुगडं नेसून खाटेवर बसली होती, तोंडात सुपारी होती. पण पुढची ओळ मी वाचलीच नाही. पुस्तक मिटून घरी आली. तीस वर्षं मी लोकायसाठी वचनं उतरवली बाबू, दुसऱ्याच्या मापाचं ब्लाऊज शिवावं तशी. माझ्या मापाचं त्या दिवशी निघालं.

हे पत्र तुले तोडून टाकंन, मले समजते. मी चारदा फाडलं. पण प्रतिक्षाचा हात त्या थैलीत जायच्या आधी तुले हे माहीत पाहिजे. कोणाची मूठ कुठं सुटन याचा भरोसा नाही. स्पीड पोस्टनं पाठवते, एक तारखेच्या आत पोहोचावं म्हणून.

सलाम आज बी लिहवत नाही.

आनंदा


तुमसर
९ जानेवारी २०२३

इश्वर,

पत्र तीस डिसेंबरले पोहोचल्याचं पोस्टात सांगतात. तुझ्याकडून काही नाही. प्रतिक्षाले मेसेज टाकला, तिनं वाचला, उत्तर दिलं नाही. बरोबर आहे. मी असती तं मी बी दिलं नसतं.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा वाटलं, चला, एकदाचं सांगून टाकलं. रात गेली अन् सकाळी चहा गाळता गाळता माझ्याच ध्यानात आलं का त्यात बी मी लबाडी केली. मंडळीचं भेव, आंबागडचे लोक, हे सारं सोंग. कोणी बोंब मारली असती का नसती, मी कधी कोणाले विचारलंच नव्हतं.

खरं कारण शर्ट आहे.

हसू नको. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा. तुझी झबली आईनं शिवली, त्याच्यानंतर तुझ्या अंगावरचा एक एक कपडा मी शिवला. शाळेची चड्डी, दहावीचा पांढरा शर्ट, मिलमध्ये लागलास तेव्हाचे दोन जोड. मले दोन स्थळं आली होती, मी नाही म्हटलं, का तर बाबूले कोण पाहीन. अन् त्या नाताळात तू निळ्या चौकटीचा शर्ट घालून उपासनेत उभा. शुभांगीनं शिवलेला. माझ्याच क्लासमध्ये, माझ्याच मशीनवर, मीच तिले कॉलर बसवायले शिकवली होती. बाया म्हणाल्या, "वा, ताईचा हात!" अन् तू हसून म्हणालास, "नाही, ताईचा नाही."

एवढंच. आठ दिवसांनी मी मूठ आवळली. देवाचं नाव घेऊन मी माझा हेवा तुझ्या हातात दिला अन् तू त्याले डोळे मिटून कपाळाले लावलं.

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद होत नाही. तू गेल्यावर चौथ्या दिवशी शुभांगी घरी आली होती. तुले हे कधीच माहीत नाही. दारातच उभी राहिली. म्हणाली, "ताई, खरंच देवानं सांगितलं?" मी म्हटलं, हाव. ती म्हणाली, "मंग माझ्याबद्दल काही सांगितलं का?" इश्वर, ती पोरगी तेव्हा सहा महिन्यांपासून उपासनेत मागच्या चटईवर येऊन बसत होती. तू तिले बोलावलं म्हणून नाही, आपल्या मनानं. प्रार्थनेत तिचे ओठ हलत, मी पाह्यलं होतं. अन् मी तिले म्हटलं, "देवाची मर्जी नाही, बाई. तू आपल्या घरचं पाह्य."

ती त्या रविवारी आली नाही. कधीच आली नाही.

तुझं धाकटं लेकरू मलेरियात गेलं तेव्हा तू मले लिहिलं होतं का ताई, त्या वचनानंच धरून ठेवलं, नाहीतं मी पागल झालो असतो. ते पत्र घेऊन मी तुमसर रोडच्या स्टेशनवर गेली, तिकीट बी काढलं. गाडी आली अन् मी बाकावरून उठलीच नाही. कोणत्या तोंडानं तुझ्यासमोर बसू? तेव्हापासून तुले लिहिणं बंद केलं. तुले वाटलं ताई रागावली. ताई लपली होती रे.

माफी मागत नाही. मागितली तं तुले द्यावी लागन, पाळक आहेस तू.

आनंदा


मेळघाट
४ फेब्रुवारी २०२३

ताई,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी उभ्यानं वाचलं अन् दीपमालाच्या हातात देऊन जंगलात निघून गेलो. संध्याकाळी आलो तं ती म्हणाली, "मी काय समजू? मी बी त्याच चिठ्ठीतून आली न या घरात?" तिनं दोन दिवस माझं ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

एक जानेवारीले थैली काढली नाही. लोकायले म्हटलं, यंदा चिठ्ठ्या नाहीत. एक कोरकू बुढा आहे आमच्यात, तो म्हणाला, मंग देव आमाले कसा सांगन? प्रतिक्षा मागून उठली अन् म्हणाली, "आपण रोज थोडं थोडं मिळून वाचू, पहिल्या पानापासून. एक ओळ काढून नाही घ्यायची. सारं वाचू." आता रोज संध्याकाळी वाचतात. तो बुढा मधातच थांबवून भांडते देवासंगं, का असं काहून केलं म्हणून. मले कधी तसं भांडता आलं नाही. पोरगी वीस तारखेले नागपूरले गेली. तिनं ठरवलं, चिठ्ठीनं नाही.

ताई, मले तुझा राग आहे. लपवत नाही. तीन आठवडे मी प्रार्थना केली नाही. करायले बसलो का तुझी मूठ दिसे. लेकरू गेलं त्या रातीचं आठवे. त्या राती मी ज्याले धरून बसलो होतो, तो कोण होता? कागद तं तुझा होता. मंग मी कोणाले धरलं?

हे मी कितीक दिवस चघळलं. मग मले एवढंच समजलं का त्या राती तू तिथं नव्हतीस. तू तुमसरात शिवत बसली होतीस, तुले खबर बी नव्हती. पण कोणीतरी होतं ताई. लेकराचं अंग थंड होऊन राहिलं होतं अन् माझ्या पाठीमागं कोणीतरी बसलं होतं, हे मी तुले कागदावर दाखवू शकत नाही, पण ते चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. तू मले खोट्या रस्त्यानं धाडलं, अन् तो मले त्या खोट्या रस्त्यावर येऊन भेटला. याचं श्रेय मी तुले देणार नाही. देवाले बी विचारायचं बाकी आहे का असं काहून.

मंडळीले मी सारं सांगितलं अन् म्हटलं, मले पाळकपदावरून उतरवा. त्यायनं नाही म्हटलं. मी अजून ठरवलं नाही.

माझी माफी सध्या मनात आली नाही. तोंडानं देऊ शकतो, पण तोंडाचं आपण दोघांनी पुष्कळ केलं. मनात आली का तुले लिहीन. तोवर माझ्याकडं येजो नको.

पण माझ्यापेक्षा मोठं काम बाकी आहे तुझं. माझा रस्ता तू वळवला, देव मले तरी भेटला. शुभांगीचं तं तू दारच बंद केलं. मी शर्ट अन् माणूस दोन्ही विसरलो म्हण, पण ती दारात उभी राहून तुले काय विचारत होती ते वाचून मी रडलो. आंबागडले जा. अन् काय झालं ते लिही, तेवढंच लिही.

इश्वर


तुमसर
२६ फेब्रुवारी २०२३

इश्वर,

तेवढंच लिहिते.

शुक्रवारी आंबागडले गेली. तिचं लग्न गावातल्या गावातच झालं होतं, हे मले माहीत होतं. किल्ल्याच्या टेकडीखाली घर आहे, पुढच्या खोलीत मशीन. नवरा भुपेंद्र धानाच्या बांधीवर गेला होता. तिनं मले ओळखलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. केस पांढरे झाले आहेत तिचे. मी म्हटलं, तुले एक गोष्ट सांगायले आली, ऐकून मले हाकललंस तरी चालन. अन् सांगितलं. थैली, मूठ, शर्ट, दारात मी तिले काय म्हटलं ते. कुठंच मऊ केलं नाही.

ती ऐकता ऐकता ब्लाऊजची बाही उसवत होती. मी थांबली तरी उसवतच होती. मले वाटलं आता ती तुझ्याबद्दल विचारीन. नाही विचारलं.

ती म्हणाली, "इश्वरचं दुःख मी दोन वर्षांत विसरली, ताई. मानूस होता, गेला. माझा नवरा चांगला आहे. पण मी तेव्हा रोज प्रार्थना करत होती. कोनाले माहीत नव्हतं, इश्वरले बी नाही. ढोरं पाजायले तळ्यावर जाय तेव्हा एकटीच बोले. कोनी ऐकते असं वाटे. तुम्ही म्हटलं देवाची मर्जी नाही, तं मी समजली का इतके दिवस तो ऐकून ऐकून शेवटी मलेच नको म्हणाला. त्याच्यानंतर कोनत्याच देवापुढं माझे हात मनानं जुळले नाहीत. सणाले जोडते, घरच्यायसाठी."



मंग तिनं कात्री खाली ठेवली. म्हणाली, "म्हंजे देवानं मले नको म्हटलंच नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही व माय. ते मी म्हटलं होतं."

तिनं ते दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा चेहरा पाहून मले वाटलं, मी मरून जावं तं बरं. रागाचा नव्हता तो. एखाद्याले बावीस वर्षांनी सांगावं का तुझं माणूस मेलं नाही, जिवंत आहे, तसा होता.

मी विचारलं, "मी बसू का तुझ्यासंगं? मिळून प्रार्थना करू?"

"नाही ताई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, उलट माझ्या हातातला पेला घेऊन बाजूले ठेवला. "तुम्ही आता जा. मले त्याच्यासंगं बोलाचं आहे. तुम्ही मधात नका येऊ."

मी उठली अन् बाहेरून दार ओढून घेतलं.

आनंदा